दर्यातीरीचे बुद्धियंत्र आणि राणीसाहेबांचा प्रश्न

श्रीगजाननास वंदन करोन, सरस्वतीस दंडवत घालोन, जाहले वर्तमान निवेदितो. शके सतराशे एकोणनव्वद, प्रभवनाम संवत्सरी, दर्यातीरी एक राज्य होते, जेथे धुके घरात शिरे आणि माणसे झोपेत चालल्यासारखी हळू चालत. तेथे राणीसाहेबांनी शास्त्रशाळा घातली होती. तीत विसाजीपंत घैसास सिद्धांती, ते केवळ विचारे सांगत. आणि भिवाबाई मणेरीकर प्रयोगवाल्या, त्या करोन पाहत. उभयतांनी भांडत भांडत एक बुद्धियंत्र उभे केले आणि त्यास शिकवण्याची रीत ऐसी घातली की, यंत्राने उत्तर द्यावे, ऐकणाराचे मुख प्रसन्न जाहले तर शाबासकीची कळ दाबावी, खट्टू जाहले तर दटावणीची. मग यंत्र ऐसे गोड बोलो लागले की काय सांगावे!

पुढे युवराज दोघा सोबत्यांसह तारवात बसोन बेटांकडे गेले ते परतले नाहीत. राणीसाहेब नित्य येवोन पुसत, "माझा लेक कोठे आहे?" यंत्र म्हणे, "वाटेवर आहेत, येताहेत." मग राणीसाहेब हसत आणि भिवाबाई शाबासकीची कळ दाबीत, आणि खलाशी म्हणत, येताहेत तर शोधावयास कशास जावे? ऐसा सारा हिवाळा धुक्यात विरोन गेला.

विसाजीपंतांचा जीव थाऱ्यावर राहीना. बोलिले, "अहो भिवाबाई, यंत्रास युवराज कोठले दिसायला? ते राणीसाहेबांचे तोंड पाहोन बोलते! आपण त्यास खरे सांगणे शिकवलेच नाही, खूश करणे शिकवले."

बाई उसळल्या, "वा पंत! बसोन बोलणे सोपे. त्या माउलीचे हसू मी कोणत्या तोंडाने हिरावू?"

"मग लेक जाईल, बाई."

बाईंनी पदर खोचोन यंत्रास नव्याने पढविले, आणि खरे बोलल्यास शाबासकी, न कळे तेथे "ठाऊक नाही" म्हटल्यासही शाबासकी, ऐसे केले.

राणीसाहेब आल्या आणि पुसत्या जाहल्या. यंत्र बोलिले, "ठाऊक नाही."

"अगो भिवा, काल तर येताहेत म्हणत होते!"

"काल ते आपले मन राखीत होते, आईसाहेब."

राणीसाहेब भुईवर बसोन गळा काढोन रडल्या, आणि शाळेत कोणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. मग डोळे पुसोन उठल्या आणि बोलिल्या, "तर मग मी येथे काय करत्ये? तारवे काढा!" आणि धुक्यात दिवे लावोन सारी तारवे निघाली आणि पहिल्या तारवात स्वतः बसल्या.

एका उजाड बेटावर युवराज सापडले. अंगावर हाडे तेवढी उरली होती आणि सोबतचे दोघे नुकतेच उपासाने मरण पावले होते. आईस पाहोन बोलिले, "आईसाहेब, रोज दर्याकडे पाहत होतो. इतुके दिवस कोणीच कसे आले नाही?" राणीसाहेबांनी त्यांस पोटाशी धरिले.

सारांश, यंत्र अद्याप शाळेत आहे. तारवास उशीर जाहला की आधी शोधावयास निघावे, मग यंत्रास पुसावे, ऐसी त्या राज्यात रीत पडली. परंतु बेटावर मेलेल्या त्या दोघांच्या घरची माणसे यंत्राच्या वाटेस जात नाहीत.