गिऱ्हाईक जातं कुठे?

खरेदी विभागाचं टेबल आता माझंच, हे मी घरीदारी जाहीर करून टाकलं होतं. साहेबांची अट एकच होती: महिनाअखेरपर्यंत कॉलेजचं प्राथमिक आर्थिक विश्लेषणाचं प्रमाणपत्र आणून दाखवा. संध्याकाळचे वर्ग झाले, पेपर झाला, मी पासही झालो. उरला फक्त प्रकल्प. एखादा छोटा धंदा घ्यायचा आणि गिऱ्हाईक तिथे का येतं किंवा का येत नाही, ते शोधायचं.

धंदा घरचाच होता. माझ्या मेहुण्याचं केस कापायचं दुकान आहे आणि रस्त्यापलीकडे तसंच दुसरं. दर सारखे, खुर्च्या सारख्या, आरसेसुद्धा एकाच दुकानातून आणलेले. तरी समोरच्या बाकावर बसायला जागा नसायची आणि आमचा मेहुणा माश्या मारत बसायचा. असं का? मला जेवण गोड लागेना.

शेवटी मी समोरच्या बाकावर जाऊन बसलो आणि शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "तुम्ही इथेच का येता?"

"गर्दी असते ना. म्हणजे चांगलंच कापत असणार."

त्यांच्या पलीकडचे म्हणाले, "हे येतात म्हणून मी येतो."

मला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. तसाच मेहुण्याकडे गेलो. "अरे, तुझ्या हातात दोष नाही, तुझा बाक रिकामा आहे! रविवारी मी भरतो."

"दाजी, राहू द्या."

"शास्त्र आहे रे."

रविवारी सासरे, चुलतसासरे, माझे भाऊ अशी फौज नेऊन बाकावर बसवली. नुसतं बसायचं, असं बजावलं होतं. आणि खरोखर गिऱ्हाईक आत यायला लागलं. मी कोपऱ्यात उभा राहून गालातल्या गालात हसत होतो. तेवढ्यात खुर्ची रिकामी झाली आणि सासरे उठून तीत बसले.

"आलोच आहे तर," ते म्हणाले.

त्यांचं बघून चुलतसासरे बसले, मग माझे भाऊ. कुणी दाढी करून घेतली, कुणी कलप लावून घेतला, सगळं फुकट. वर खऱ्या गिऱ्हाइकांना ठणकावत होते, "आधी नंबर आमचा!" ती बिचारी ताटकळली आणि एकेक करून रस्ता ओलांडून गेली.

दुकान सामसूम झाल्यावर मेहुण्यानं मला खुर्चीत बसवलं. "दाजी, आता तुमचंही उरकतो." मला वाटलं, माणूस मनाचा मोठा आहे. मशीन कपाळावर टेकलं ते थेट मानेपर्यंत गेलं.

कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंना मात्र प्रकल्प फार आवडला. फुकट म्हटलं की मागणीला अंत नसतो, हे त्यांनी माझं उदाहरण देऊन सगळ्या वर्गाला समजावलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी प्रमाणपत्र घ्यायला गेलो. कारकुनानं अर्जावरचा फोटो पाहिला, माझं डोकं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"हे तुम्ही नव्हे."

"मीच हो. केस तेवढे गेलेत."

"ओळखीचं कुणी आणा. खिडकी बंद व्हायची वेळ झालीय."

जवळ मेहुण्याचंच दुकान होतं. हातापाया पडून त्याला तसाच, खांद्यावरच्या टॉवेलसकट आणला.

"यांना ओळखता?" कारकुनानं विचारलं.

मेहुण्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली, कानामागे वाकून पाहिलं.

"काम माझंच आहे, साहेब," तो म्हणाला. "माणूस कोण, ते ठाऊक नाही."

खिडकी बंद झाली. आता तुम्हीच सांगा, यात त्याचा फायदा काय?