सोळा प्रमुखांचे एकमत

"सोळा यंत्रं, सोळापट वेग! हे माझं मत नाही, गुणाकार आहे!"

हे वाक्य प्राध्यापकांनी संस्थेत इतक्यांना, इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे ऐकवले होते की पाठीमागे त्यांचे नावच गुणाकारसर पडले. ते त्यांच्या कानावर आले होते. त्यात चिडवण्यासारखे काय आहे, हे मात्र त्यांना कळले नव्हते.

कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला धूर शहरावर कसकसा पसरतो, याचे गणित संगणकावर सोडवणे हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांनी लेखा विभागाने टाकून दिलेले सोळा संगणक गोळा केले, प्रत्येकावर लिनक्स चढवले, सगळे एका स्वस्तातल्या स्विचला, म्हणजे संगणकांचे निरोप इकडून तिकडे पोचवणाऱ्या पेटीला, जोडले आणि त्या जुळणीला क्लस्टर म्हणायला सुरुवात केली. योजना सरळ होती. शहराच्या नकाशाचे सोळा पट्टे करायचे आणि एकेका यंत्राला एकेक पट्टा नेमून द्यायचा. पट्ट्याच्या कडेला पोचलेला धूर त्याने शेजारच्या यंत्राला कळवायचा. शून्य क्रमांकाचे यंत्र हा प्रमुख. त्याने सगळ्यांची उत्तरे जमवून अहवाल लिहायचा. बाकीच्यांनी तोंड मिटून राबायचे. संस्थेचा कारभारही याच तत्त्वावर चालतो. फक्त तिथे प्रमुखांची कधी वाण पडत नाही.

यंत्रे तापतात, म्हणून त्यांना थंड खोली लागते. थंड खोली संस्थेत एकच होती आणि तिच्यात ग्रंथालयाची जुनी नियतकालिके सुखाने नांदत होती. प्राध्यापकांनी ती काही महिन्यांच्या बोलीवर मिळवली. नियतकालिके जिन्याखाली गेली. मुदत संपत आली तशा ग्रंथपालबाई रोज खोलीच्या दारात येऊन उभ्या राहू लागल्या.

"जिन्याखाली ओल आहे, सर. रसायनशास्त्राचे तीस खंड फुगलेत."

"विज्ञानासाठी थोडी झळ सोसावी लागते, बाई!"

"सोसतंय विज्ञानच. फुगलेत तेही विज्ञानाचेच खंड!"

प्रकरण संचालकांकडे गेले. संचालक मूळचे कोणत्या विषयाचे, हे आता त्यांनाही आठवत नव्हते. त्यांची हयात समित्यांमध्ये गेली होती. दोघांचे म्हणणे ऐकून त्यांनी निकाल दिला. सोमवारी प्रात्यक्षिक करून दाखवायचे. पटले तर खोली प्राध्यापकांची, कायमची. न पटले तर यंत्रे भंगारात आणि नियतकालिके पुन्हा घरी.

"पटेल, सर!" प्राध्यापक म्हणाले. "गुणाकार आहे!"

रविवारी घरी पत्नी गुडघा चोळत बसली होती.

"अहो, लेप अगदी लागू पडला हो. कळ थांबली."

"लेप लावला नसता तर थांबली नसती, हे कशावरून?" प्राध्यापकांनी वर्तमानपत्राआडून विचारले. "दुसऱ्या गुडघ्याला लावला नव्हतास ना? तो कसा आहे?"

"तो दुखतच नव्हता!"

"मग तुलना होणार कशी? तुलनेशिवाय निष्कर्ष काढायचा नसतो."

"तुमच्याशी लग्नही मी तुलना न करताच केलं," पत्नी म्हणाली. "मला एक सांगा, तुमच्या त्या सोळाजणांचं काम एकट्या यंत्राला दिलं तर किती वेळ लागतो?"

"सोळापट."

"मोजलात?"

"त्यात मोजायचंय काय? अगं, गुणाकार..."

"लेप द्या इकडे," पत्नी म्हणाली. "कळ परत आली."

हा प्रश्न प्राध्यापकांनी एखाद्या विद्यार्थ्याला विचारला असता, तर स्वतःवर खूश होऊन तीन दिवस तो सगळ्यांना सांगत फिरले असते. पत्नीने विचारल्यामुळे तो घरगुती ठरला आणि वर्तमानपत्राबरोबर घडी करून ठेवला गेला.

शिवाय शंका घ्यायला जागाच नव्हती. प्रोग्रॅम सुरू केला की पडद्यावर 'प्रमुख तयार आहे' अशी ओळ सोळा वेळा उमटे. सोळाही यंत्रे आपापल्या जागेवरून प्रमुखाची वर्दी देत आहेत, असा प्राध्यापकांनी अर्थ लावला आणि ती शिस्त पाहून त्यांचा ऊर भरून आला. विभागातल्या माणसांनी त्यांना असा मान कधी दिला नव्हता! जेवणानंतर सुरू केलेले गणित चहापर्यंत संपे. म्हणजे एका यंत्राला ते दोन दिवस पुरले असते, हे त्यांनी पाहुण्यांना, सहकाऱ्यांना आणि एकदा लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीलाही सांगून टाकले होते.

सोमवार उजाडला. संचालक आले, शाल पांघरून बसले. ग्रंथपालबाई शेजारच्या वाचनकक्षातून येऊन दाराशी उभ्या राहिल्या. प्रात्यक्षिक आटोपशीर व्हावे म्हणून प्राध्यापकांनी अख्ख्या शहराऐवजी एकाच चौकातला धूर घेतला होता, आणि समारंभाला शोभा यावी म्हणून प्रोग्रॅममध्ये एक नवी सूचना घातली होती: काम संपताच प्रमुखाने अहवाल छापावा. आजवर अहवाल एका ठरलेल्या फाईलमध्ये लिहिला जाई आणि नवी प्रत आली की जुनी पुसली जाई. छापील प्रत संचालकांच्या हाती थेट पडणार होती. मजल्यावर छापयंत्र एकच होते, तेही वाचनकक्षात.

प्राध्यापकांनी बटण दाबले. पडद्यावर सोळा वर्द्या उमटल्या. यंत्रे घोंघावू लागली. संचालकांनी जांभई आवरली. थोड्याच वेळात भिंतीपलीकडे छापयंत्र कुरकुरले.

"झालं!" प्राध्यापक टाळी वाजवून म्हणाले. "बाई, एवढा अहवाल आणता?"

बाई गेल्या. छापयंत्र थांबले. पुन्हा सुरू झाले. पुन्हा थांबले, पुन्हा सुरू झाले. एखाद्या सभेत आभार मानायला एकामागून एक माणूस उठावा, तसे ते उठतच राहिले. पलीकडून कागद संपल्याचे केकाटणे ऐकू आले, मग बाईंच्या पावलांचा आवाज, आणि मग बाई. छातीशी धरलेल्या कागदांच्या थप्पीवर त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

"सोळा प्रती आहेत, सर," बाईंनी थप्पी टेबलावर आदळली. "मी चाळून पाहिल्या. मजकुरात काडीचा फरक नाही. माझा महिन्याचा कागद संपला."

प्राध्यापकांनी वरची प्रत उचलली. पहिल्याच पानावर छापले होते: 'अहवाल सादर करणारा: प्रमुख. कामावरील एकूण यंत्रे: एक.' त्यांनी दुसरी उचलली. प्रमुख. एकूण यंत्रे: एक. तिसरी. चौथी. त्या गारठलेल्या खोलीत त्यांना दरदरून घाम फुटला.

चूक कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. आपल्या विषयात ते अडाणी नव्हते. यंत्रांमध्ये निरोपांची ने-आण करणारी तयार सॉफ्टवेअरे दोन होती. त्यातले चांगले कोणते यावर तज्ज्ञांत वाद असल्यामुळे प्राध्यापकांनी दोन्ही बसवली होती. प्रोग्रॅम बांधला गेला एकाच्या आधारे, आणि सुरू केला जात होता दुसऱ्याच्या हाकेने. त्यामुळे दर वेळी सोळा ठिकाणी सोळा प्रती जाग्या होत, इकडेतिकडे पाहत, ओळखीचे कोणी दिसत नसे, आणि प्रत्येक जण असे समजून चाले की या जगात आपण एकटेच आहोत, म्हणून आपणच प्रमुख. मग प्रत्येक जण अख्खे शहर स्वतःच्या डोक्यावर घेई. वेग सोळापट नव्हता. एकपट होता. एकच काम सोळा वेळा होत होते!

"थांबा," संचालक म्हणाले. त्यांनीही दोन प्रती शेजारी शेजारी धरल्या होत्या. "ह्या सोळाजणांनी आपापलं गणित वेगवेगळं केलं?"

"हो, सर. तीच तर..."

"आणि उत्तर एकच आलं?"

"हो, पण..."

"दशांशचिन्हापुढेसुद्धा?"

"शेवटच्या अंकापर्यंत, सर. त्याचं कारण असं, की..."

संचालक उभे राहिले. त्यांची शाल घसरली, ती त्यांनी पडू दिली.

"एकमत!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "अहो, उपाहारगृहाच्या खुर्च्यांच्या रंगावर माझ्या सात सभासदांत एकमत होत नाही हो! आणि इथे सोळा!"

प्राध्यापकांनी एक नजर दाराकडे टाकली. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. दोन वाक्ये खरी बोलली की खोली गेली. पण कित्येक वर्षे लोकांच्या लेपांवर, काढ्यांवर आणि अंगठ्यांवर शंका घेतल्यावर त्यांना खरे तेच बोलायची सवय जडली होती.

"सर, स्पष्टच सांगतो. कामाची वाटणी झालीच नाही. प्रत्येकाने सगळं काम एकट्याने केलं."

"म्हणजे कोणी कोणावर ढकललं नाही?"

"नाही, पण..."

"ह्या संस्थेत हे पहिल्यांदाच घडतंय! खोली तुमची!"

बाई थप्पी उचलून निघून गेल्या. कोऱ्या पाठी त्यांना वापरायच्या होत्या.

प्राध्यापकांनी ठरवले की चूक दुरुस्त करायची आणि संचालकांना खरा क्लस्टर दाखवायचा, म्हणजे खोलीही राहील आणि मानही. त्यांनी एक सॉफ्टवेअर काढून टाकले, प्रोग्रॅम पुन्हा बांधला आणि सुरू केला. आता प्रमुख एकच उगवला. पंधराजण मुकाट आपापल्या पट्ट्यावर बसले. पण धूर पट्ट्याच्या कडेला पोचला, की कडेची बातमी शेजाऱ्याला कळवायची आणि त्याची येईपर्यंत थांबायचे, असा नियम होता. सोळाजणांचे सगळे बोलणे त्या एकाच स्वस्तातल्या स्विचमधून जायचे. यंत्रे हातभर काम करीत आणि कोसभर वाट पाहत. चहापर्यंत संपणारे गणित दिवेलागणीपर्यंत रेंगाळले. शिवाय बातम्या येतील तशी बेरीज व्हायची, आणि बेरजेचा क्रम बदलला की संगणकात शेवटचे अंक किंचित हलतात. आकडेमोडीत याला कोणी दोष मानत नाही.

संचालकांनी दुरुस्तीनंतर दोनदा काढलेली उत्तरे पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"हा आठवा अंक वेगळा कसा?"

"तो नगण्य आहे, सर! आता ती खरोखर एकत्र काम करतात. एकमेकांशी बोलतात."

"मग तेच तर!" संचालक कळवळून म्हणाले. "बोलत नव्हती तोवर एकमत होतं आणि काम चहापर्यंत उरकत होतं. तुम्ही त्यांना बोलायला लावलंत, आणि झाले मतभेद! प्राध्यापक, तुम्ही त्यांची समिती केलीत हो!"

दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला. 'सदर यंत्रांनी परस्परांशी कोणत्याही प्रकारचा संपर्क ठेवू नये. या अटीवर खोली प्राध्यापकांकडे कायम करण्यात येत आहे.'

आदेशाची प्रत ग्रंथपालबाईंनाही मिळाली होती. त्या मोजपट्टी घेऊनच आल्या.

"सर, एक शंका आहे. ह्यातली पंधरा बंद केली, तर उत्तर बदलेल?"

प्राध्यापकांनी पंधरा यंत्रे बंद केली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकट्या यंत्राला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला. चहापर्यंत उत्तर आले. तेच. शेवटच्या अंकापर्यंत.

"नाही बदलत," ते म्हणाले.

पंधरा यंत्रे गोदामात गेली आणि नियतकालिकांची कपाटे परत आली. उरलेल्या एका यंत्राला रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांच्यामध्ये एक स्टूल मिळाले.

काही दिवसांनी संचालक कोणा पाहुण्यांना क्लस्टर दाखवायला घेऊन आले. त्यांनी कपाटांमधून वाट काढली, स्टुलाभोवती एक फेरी मारली आणि थबकले.

"प्राध्यापक, बाकीची पंधरा कुठे आहेत?"

प्राध्यापकांनी छताकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले, आणि मान न उचलता म्हणाले, "गोदामात आहेत, सर. पण त्यांचा ह्याला पूर्ण पाठिंबा आहे."

संचालकांनी शाल सावरली.

"लेखी घेतलाय ना?"