आखूड नाकाच्या चिलखती माशाचे वेगळे घर

सकल मत्स्यविद्याप्रवीण वाचकांस विदित व्हावे, की संग्रहालयातील संशोधक बाईसाहेब यांची एक प्रजाती, म्हणजे माशांचे एक स्वतंत्र घर, बुडता बुडता कैसी वाचली, ती हकीकत पदरचे मीठमिरची न लावता येथे मांडिली आहे.

मासा गोड्या पाण्यातला, बोटभर, मिशाळ. अंगी खवले नाहीत, दोहो बाजूंस हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत. भाईबंदांची नाके लांब, याचे आखूड. सबब बाईसाहेबांनी त्यास वेगळे घर बहाल केले आणि त्या कीर्तीवर ताठ मानेने वावरल्या. मग त्यांचेच यजमान, शेजारच्या टेबलाचे संशोधकसाहेब, यांनी नमुन्याची बरणी उजेडात धरिली आणि जाहीर केले की बरणी तोकडी, मासा नाकावर उभा, नाक काचेवर दबून चपटले. सबब प्रजाती खालसा करून मासा जुन्या घरी सामील करावा. बाईसाहेबांच्या पायांखालची वाळू सरकली, कारण मासा त्या बरणीत कोंबणाऱ्या त्याच.

घरी मसलत बसली. सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या, "नाक आखूड म्हणून वेगळं बिऱ्हाड? मग आमच्या धाकट्या जावेनं लग्नादिवशीच वेगळी चूल मांडायला हवी होती."

"आई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं?" बाईसाहेबांनी विचारिले.

"माशाच्या. त्याला विचारलंय का कुणी?"

या बोलासरशी बाईसाहेबांनी कूच केले, आणि नमुना जेथला त्याच ओढ्याकाठच्या कोळ्याकडून त्याच जातीचा जिवंत मासा मिळविला, आणि पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन खासा स्वारी बसने परतली, मग मासा काचेच्या टाकीत सोडिला. त्याने तत्काळ नाक वाळूत खुपसले. उभयपक्ष गुडघ्यांवर बसून काचेस नाके लावून राहिले. परंतु या जातीस हवेचा घोट घेण्यास वर यावेच लागते, हे दोघांसही ठाऊक. सबब कोणी हलेना.

मासा वर आला. नाक आखूड, वाटोळे, निर्विवाद.

"पुन्हा येऊ दे," साहेब म्हणाले.

पुन्हा आला.

"आहे बुवा आखूड. तुझ्यासारखाच हट्टी दिसतो."

येणेप्रमाणे प्रजाती कायम जाहली. साहेबांची पुस्तके हलवून त्या जागी साक्षीदारास टाकीसह तहहयात जहागीर मिळाली. मोहिमेत कोणी कामास आले नाही. साहेबांचा अभिमान तेवढा जायबंदी, तोही सायंकाळच्या चहापर्यंत उठून बसला. फत्ते जाहली, ती नोंदिली असे.