विहिरीतला एकमेव पुरुष

टेपाच्या वाडीच्या विहिरीत किती पाणी आहे, हे वाडीतल्या लहानथोरांना माहीत होतं. शासनाला माहीत नव्हतं. आणि जे शासनाला माहीत नाही ते घडतच नसल्यामुळे, मार्च उलटून विहिरीचा तळ दिसायला लागला तरी वाडीत पाणीटंचाई सुरू झालेली नव्हती.

वाडी जुन्नर तालुक्यात, आण्याच्या पठारावर. घरं अडतीस, माणसं दोनशे बारा, विहीर एक. त्या विहिरीची नोंद साळुबाई ठेवत असे. बावीस वर्षांपूर्वी ती प्रौढ साक्षरता वर्गात लिहायला शिकली, आणि शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून दर अमावास्येला विहिरीत दगड बांधलेला कासरा सोडून, दोराची भिजलेली लांबी मोजून ती वहीत मांडू लागली. मोजमाप जुनंच. माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढी उंची होते, तेवढा एक परस. "औंदा चार परस पानी हाय," असं वाडीत सगळेच म्हणत. पण वर्गातल्या गुरुजींनी तिला बजावलं होतं की परस हा बोलण्यातला शब्द, शुद्ध शब्द 'पुरुष'. साळुबाई शुद्ध लिहिण्याच्या बाबतीत फार काटेकोर. बावीस वर्षं तिनं ठळक अक्षरांत लिहिलं : 'आश्विन अमावास्या, विहिरीत साडेपाच पुरुष.' 'फाल्गुन अमावास्या, विहिरीत अर्धा पुरुष.'

सरपंच गोरख टँकरचा प्रस्ताव घेऊन जुन्नरला गेला आणि हात हलवत परत आला.

"काकी, तुमची वही चालत न्हाई म्हनत्यात. पुरावा संदर्भासहित पायजे. त्याला कायमचा नंबर लागतो."

"वहीला नंबर?"

"वहीला. आधी वहीचा नंबर, मंग आपला."

साळुबाई वही पदराखाली धरून एसटीत बसली. वाटेत बेल्ह्याला त्या दिवशी बैलबाजार होता. टेंपोंच्या गर्दीत गाडी तासभर अडकली, आणि खिडकीतून तिला दिसलं की प्रत्येक बैलाच्या कानात पिवळा बिल्ला आहे आणि त्यावर नंबर आहे. आपली वही बैलाहून मागं राहिली, याचं तिला वाईट वाटलं.

जुन्नरच्या जुन्या पेठेत, भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर विभागीय विदा-जतन केंद्र होतं. तिथं अक्षदा नावाची मुलगी संगणकासमोर बसली होती. तिनं वही उघडली आणि तिचे डोळे चमकले.

"आजी, ही तुमची विदा फार मोलाची आहे."

"विदा? ती टीव्हीच्या सिरेलीत लेकीला करत्यात ती?"

"नाही हो. विदा म्हणजे माहिती. डेटा."

"मंग माहिती म्हन की बाई. मी म्हनलं, वही जाती का काय."

वही गेलीच. मूळ प्रत सीलबंद पेटीत जाईल आणि ती पेटी कोणालाही, म्हणजे साळुबाईलासुद्धा, उघडता येणार नाही, असं अक्षदानं समजावलं. मग तिनं कायमचा क्रमांक म्हणजे काय तेही सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. शाळेचा हजेरीपट असतो ना आजी, त्यात एका मुलीचा नंबर सतरा. ती बाक बदलेल, वर्ग बदलेल, लग्न होऊन आडनाव बदलेल. पण सतरा म्हटलं की तीच उभी राहील. तसं तुमच्या वहीचं. पेटी कुठंही हलवा, जगात कोणीही हा क्रमांक लिहिला की तुमचीच वही उभी राहणार.

"आन् मी तिथं चुकीचं उभं केलं तर?"

"तर चुकीचं कायमचं उभं राहणार," अक्षदा हसून म्हणाली. तेव्हा तो विनोद होता.

अर्ज भरताना 'काय मोजलं?' असा रकाना आला. अक्षदानं वहीत पाहून 'पुरुष' लिहिलं. संगणक हुशार होता. त्यानं पुढचे रकाने आपण होऊन भरले : लोकसंख्या, लिंगनिहाय. 'ठिकाण?' विहीर. अक्षदा क्षणभर थबकली, पण पडद्यावर हिरवी खूण उमटली, आणि हिरव्या खुणेवर शंका घेण्याची केंद्रात पद्धत नव्हती. नोंदींतला प्रत्येक अर्धा पुरुष मात्र संगणकानं नाकारला. लोकसंख्येत अर्धा चालत नाही. मानवी दृष्टिकोन ठेवून अक्षदानं त्याचा पूर्ण एक केला.

क्रमांक मिळाला. पंधरा दिवसांत चौदा विद्वानांनी तो आपापल्या लेखांत वापरला. पठारावरच्या पुरुषांची संख्या आश्विनात सहावर जाते आणि होळीच्या सुमारास एकावर येते, बायका तर बावीस वर्षांत एकदाही आढळलेल्या नाहीत, यावर एका हॉटेलात परिषद झाली. वही कोणी उघडली नाही, कारण क्रमांक असल्यावर उघडायची गरज राहत नाही. साळुबाईला प्रमाणपत्र आलं. गोरखनं ते पारावर मोठ्यानं वाचलं : "श्रीमती साळुबाई या चौदा वेळा उद्धृत—"

"कोन उद्धट म्हनलं मला?"

"उद्धृत, काकी. म्हंजे तुमचं नाव घेत्यात."

"मंग पानी बी घेऊन या म्हनावं."

पाणी आलं. प्रस्ताव मंजूर झाला होता आणि पत्रात लिहिलं होतं : 'टेपाची वाडी. लोकसंख्या : एक. पैकी पुरुष : एक. वास्तव्य : विहिरीत. अनुज्ञेय पाणी : माणशी वीस लिटर.' रोज सकाळी मोटारसायकलवरून एक जार येऊ लागला. आणणारा पोरगेलासा माणूस तो विहिरीच्या काठावर ठेवी, आत वाकून "आलाय हो!" असं ओरडे आणि निघून जाई. अडतीस घरांतल्या बायका जारभोवती हंडे घेऊन बसत आणि एकमेकींकडं बघत.

गोरखनं तक्रार केली. तक्रारीची दखल घेऊन आढावा समिती आली. साहेबांनी विहिरीत वाकून पाहिलं.

"साहेब, आत मानूस न्हाई. आमी हाये. हे बघा, दोनशे बारा." गोरखनं मागच्या गर्दीकडं हात केला.

"तुमच्या या गर्दीला क्रमांक आहे का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग आम्ही पाहिलं असं लिहिता येणार नाही." साहेब पुन्हा विहिरीत वाकले. "कोणी आहे का?"

'आहे का... आहे का...' आतून आवाज आला.

समितीनं नोंद केली : 'पुरुष हयात आहे. प्रतिसाद देतो, मात्र प्रश्नाला प्रश्नानं. स्वभाव स्थानिक.'

चैत्र अमावास्येला साळुबाईनं कासरा सोडला. दगड कोरडा वर आला. ती जन्मात खोटं न बोललेली बाई. तिनं नव्या वहीत लिहिलं, 'विहिरीत शून्य पुरुष', आणि नियमाप्रमाणं केंद्राला कळवलं. चौथ्या दिवशी जार बंद झाला. आठव्या दिवशी पत्र आलं : लोकसंख्या शून्यावर आल्यानं वाडी निर्मनुष्य घोषित करण्यात येत आहे. निर्मनुष्य ठिकाणी वास्तव्य करणाऱ्या दोनशे बारा जणांनी खुलासा करावा.

आता बायका दीड कोसावरून हंडे आणत होत्या. साळुबाईच्या शेजारची बाळंतीण बाळंतपणाच्या तिसऱ्याच दिवशी डोक्यावर कळशी घेऊन निघाली, तेव्हा साळुबाईनं तिला घरात ढकललं आणि स्वतः जुन्नरची गाडी धरली.

"पोरी, तो शबूद चुकला. पुरुष म्हंजे मानूस न्हाई गं. पान्याचं माप हाय त्ये. परस!"

अक्षदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तिनं पडद्यावर ती नोंद उघडून पाहिली.

"आजी, दुरुस्त नाही करता येत. क्रमांक कायमचा आहे. आणि आता एकतीस लेखांत संदर्भ गेलाय. तुम्हाला बरोबर केलं तर एकतीस जण चुकीचे ठरतात."

"आन् आमी दोनशे बारा?"

"तुम्ही कुठं संदर्भ दिलाय?" अक्षदा बोलून गेली आणि ओशाळली. "एक होऊ शकतं. जुनी नोंद तशीच राहते. नवी आवृत्ती जोडता येते. नवं मोजमाप असेल तर."

साळुबाईनं पदर कमरेला खोचला. "तुज्या त्या यंत्रात पुरुष म्हंजे मानूसच ना?"

"हो."

"मंग लिव्ह. विहिरीत दोनशे बारा पुरुष."

"आजी, त्यात निम्म्या बायका असतील."

"बायांचा रकाना हाय का?"

"या तक्त्यात नाही."

"मंग व्हतो आमी पुरुष. पानी तर आमीच भरतो, पुरुष व्हायला काय लागतंय?"

अक्षदानं तिच्याकडं पाहिलं. मग आकडा लिहिला. हिरवी खूण उमटली.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. पठारावरच्या रिवाजाप्रमाणं तो विहिरीत रिकामा झाला, आणि वाडीनं भरभरून हंडे ओढले. साळुबाईनं शेजारच्या बाळंतिणीला न्हाऊ घातलं. गोरखनं टँकरला नारळ फोडला. सगळं सुरळीत झालं, म्हणजे जलसमृद्धी कक्षातल्या एका अभ्यासू अभियंत्याच्या नजरेला ती नवी आवृत्ती पडेपर्यंत.

हा अभियंता मराठीचा अभिमानी होता. पुरुष हे खोलीचं जुनं माप आहे, हे ठाऊक असलेला शासनातला तो एकटाच. त्यानं गुणाकार केला. दोनशे बारा पुरुष, म्हणजे सुमारे पंधराशे फूट पाणी. एका विहिरीत. वैशाखात. त्यानं तो पुन्हा करून पाहिला. त्यानं क्रमांकानिशी अहवाल लिहिला. क्रमांक कायमचा असल्यानं वर कोणालाही शंका आली नाही. आण्याच्या पठाराखाली अतिरिक्त पाणी असून ते तहानलेल्या शहराकडं वळवणं हे राष्ट्रीय कर्तव्य आहे, असं ठरलं. टँकरचा आदेश वेगळ्या खात्याचा, म्हणून तो चालू राहिला. पाइपलाइन आली, पंप आला, फीत कापली गेली.

तेव्हापासून व्यवस्था अशी आहे. सकाळी शहरातल्या टाकीवर टँकर भरतो. घाट चढून अकरा वाजता तो टेपाच्या वाडीच्या विहिरीत रिकामा होतो. साडेअकराला पंप सुरू होतो आणि ते पाणी पाइपानं परत शहराकडं जातं. मधल्या अर्ध्या तासात साळुबाई आणि अडतीस घरांतल्या बायका जमेल तेवढे हंडे भरून घेतात. पंप लागला की बाजूला होतात. कोणाची तक्रार नाही.

तक्रार आहे ती तुमची, शहरातल्या नळधारकांची. दुपारी नळाला दाब कमी असतो, रोज सुमारे चारशे हंडे पाणी कुठं मुरतं, असं आपल्या सोसायटीनं कळवलं होतं. तक्रारीला कायमचा क्रमांक देण्यात आला आहे. क्रमांक पाहून लगेच कार्यवाही झाली. अकरा ते साडेअकरा या वेळेतली गळती शोधून काढली असून, विहिरीवर कुलपाची लोखंडी जाळी बसवण्याचं काम सोमवारी पूर्ण होईल. मंगळवारपासून आपल्याला पूर्ण दाबानं पाणी मिळेल. जागरूक नागरिक म्हणून आपले आभार.