आज अलार्म वाजला नाही

विमा कंपनीत आयुष्य गेल्यामुळे अण्णांना घरातली एकही वस्तू धड दिसत नसे. टीव्हीकडे पाहिलं की तो चोरीला गेलेला दिसे, पडद्याकडे पाहिलं की तो पेटलेला. त्यात लेकीकडून गोड बातमी आली आणि अण्णांच्या बायकोने, म्हणजे गल्लीच्या काकूंनी, आपल्या आईची सोन्याची साखळी लॉकरमधून घरी आणली. बाळ पहिल्यांदा घरी आलं की त्याच्या गळ्यात ती साखळी पडायलाच हवी, असा त्यांचा हट्ट. झालं! अण्णांची झोप उडाली आणि घरात अलार्म आला.

दार उघडलं की आतल्या डब्यावर पटकन नंबर दाबायचा, नाहीतर भोंगा सुरू. आता हा डबा दाराजवळ लावावा की नाही? पण अण्णा ते अण्णाच.

"दाराजवळ लावला तर चोराला दिसेल!" असं म्हणून त्यांनी तो पार झोपायच्या खोलीत, कपाटाच्या आड लावून घेतला.

काकू ग्रंथालयात काम करत आणि दुपारी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी येत. घर पेटलं तरी त्या पुसलेल्या फरशीवर चप्पल घालून जाणाऱ्या नव्हत्या. आधी चपला काढायच्या, मग पाय पुसायचे, पिशव्या ओट्यावर ठेवायच्या आणि मग डब्याकडे वळायचं. तोवर भोंगा अख्खी गल्ली डोक्यावर घेई.

पहिल्या दिवशी समोरचा शिंपी कात्री घेऊन धावत आला. दुसऱ्या दिवशी त्याने नुसतं खिडकीतून पाहिलं. पुढे तो भोंगा ऐकून जेवायला उठू लागला. वरच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून झोपे, ती भोंग्यावर उठू लागली. कोपऱ्यावरच्या आजी त्यावर गोळी घेऊ लागल्या.

अण्णा मात्र कपाळाला हात लावून बसले. "अगं, खरा चोर आला तर एक माणूस फिरकणार नाही! साखळी गेली समज!"

"मग डबा दाराशी आणा."

"आणि चोराला दिसला तर?"

काकू भाजी निवडू लागल्या.

नात झाली, महिन्याची झाली, आणि येत्या रविवारी ती आजोळी येणार असं ठरलं. त्याच आठवड्यात एका दुपारी काकू घरी आल्या. चपला काढल्या, पाय पुसले, पिशव्या ठेवल्या, डब्यावर नंबर दाबला. भोंगा गप्पच! काकूंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी लगेच अण्णांना ऑफिसात फोन लावला.

"अहो, जमलं मला! आज वाजलाच नाही!"

"तू आणि वेळेत? शक्य नाही. बिघडला असणार. थांब, दुरुस्तीवाल्याला पाठवतो."

काकूंचा चेहरा पडला. तेवढ्यात दारावर थापा. शिंपी होता, त्याच्यामागे डोळे चोळत नर्स, आणि तिच्या दंडाला धरून आजी.

"काकू, बऱ्या आहात ना?" शिंप्याने दारातूनच विचारलं. "आज भोंगा नाही, म्हटलं पडलाबिडलात की काय! भुकेने जीव चाललाय, पण घास कसा उतरणार?"

"माझी ड्युटी बुडाली असती," नर्स म्हणाली.

"आणि माझी गोळी!" आजी म्हणाल्या.

सगळी वरात डबा बघायला आत शिरली. डब्याखाली, कपाटाच्या आड, वायर कापलेली लोंबत होती. तेवढ्यात पलंगाखालून खरखर झाली आणि हातात पक्कड घेतलेला एक माणूस सरपटत बाहेर आला.

"मी... अलार्म दुरुस्तीवाला," तो म्हणाला. "वायर खालून गेलीय का, ते बघत होतो."

"अगंबाई! आत्ता तर फोन केला!" काकू खूश. "सर्व्हिस सुधारली हं तुमची!"

"लवकर जोडा हो," शिंपी म्हणाला. "पोटात कावळे ओरडतायत."

त्या बिचाऱ्याने काय करावं? दारात गर्दी, खिडकीला गज. घाम पुसत त्याने वायर जोडायला घेतली. आणि काकूंची नजर खाली गेली.

"हे काय? बूट? माझ्या फरशीवर?"

"जोडून झालं की जातोच, काकू..."

"आधी काढा! मी दोन्ही हातांत ओझं घेऊन चपला काढते, तुम्हाला काय धाड भरलीय?"

तो जागचा हलेना. शेवटी काकूंनी खाली बसून स्वतःच एक बूट ओढला. बुटातून सोन्याची साखळी फरशीवर पडली.

नर्सने पेशंट धरतात तसा त्याचा हात मागे पिरगळला आणि शिंप्याने गळ्यातल्या टेपने दोन्ही मनगटं बांधली. आजींनी पोलिसांना फोन लावला. काकू साखळी छातीशी धरून फरशीवरच बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

अण्णा खऱ्या दुरुस्तीवाल्याला घेऊन धापा टाकत आले, तेव्हा पोलिसांची गाडी गल्लीबाहेर पडत होती. साखळी पाहून ते पायरीवर टेकले. "सुटलो गं बाई," एवढंच म्हणाले. मग दुरुस्तीवाल्याला म्हणाले, "डबा दाराशी घ्या."

"खबरदार!" शिंपी समोरून ओरडला. "डबा हलवायचा नाही!"

डबा तिथेच राहिला. रविवारी नात आली, साखळी घालून मिरवली, रडली, झोपली आणि गेली. सोमवारी काकू ग्रंथालयातून परतल्या तेव्हा हातात एकही पिशवी नव्हती. चपला काढून त्या सरळ डब्यापाशी गेल्या. चक्क वेळेत! नंबरावर बोट ठेवलं, आणि त्यांना समोरचा शिंपी आठवला. उपाशी बसला असेल.

काकूंनी बोट मागे घेतलं, कानांवर हात ठेवले आणि भोंगा वाजू दिला.