प्रयागबाईंचं मौन आणि एक कळी

चातुर्मास लागला त्या दिवशी प्रयागबाईंनी एक सोपासा नेम धरला. रोज सकाळी अंगणातल्या जास्वंदीचं पहिलं फूल गणपतीला वाहायचं आणि ते वाहिल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. लेकीची, हर्षालीची, नोकरीची परीक्षा होती, तिच्यासाठी. नेम कुणाला सांगायचा नाही, हेही त्यातच आलं. जास्वंद भरभरून फुलत होती, त्यामुळे साडेसहाला उठायचं, पावणेसातला फूल वाहायचं की बोलणं सुरू. (पंधरा मिनिटांचं मौन कुणाला थोडं वाटेल. त्यांनी प्रयागबाईंना पाहिलेलं नाही.)

आठव्या दिवशी त्या पहाटेच नळाचं पाणी भरून आल्या, तर त्यांचे यजमान केशवराव कोयता घेऊन अंगणात उभे. जास्वंदीच्या जागी चार खुंट.

“मोबाइलवर दाखवलं,” केशवराव म्हणाले. “छाटलं का दुप्पट फुलते. पाहा तू.”

प्रयागबाईंनी पाहिलं. एकही फूल नव्हतं, म्हणजे बोलायची सोय संपली. लिहून दाखवलं तर नेम मोडतो का, हे कुणाला विचारायलाही तोंडच लागतं. मातीला टेकलेली एक फांदी तेवढी कोयत्यातून सुटली होती. तिच्या टोकाला मिऱ्याएवढी कळी. ती उमलायला दहा दिवस तरी हवेत. लेकीची परीक्षा आणि आईची वाचा, दोन्ही त्या कळीला लटकल्या.

“आवडलं ना?”

प्रयागबाई आत गेल्या, चहा घेऊन आल्या आणि कप असा ठेवला की अर्धा चहा बशीत आला.

“आवडलं वाटते,” केशवराव म्हणाले.

दुपारी शेजारच्या वच्छलाबाई आल्या. सून त्यांना न विचारता वरणात साखर घालते, इथून त्यांनी सुरुवात केली आणि तासभर बोलल्या. प्रयागबाई नुसती मान हलवत होत्या. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई पुन्हा हजर.

“तुमी सांगतलं तसंच केलं मी. सुनेशी गोडीनं बोलली. तुमचा सल्ला कदी वाया जात नाई, प्रयागबाई.”

सल्ला देऊन झाला होता आणि देणारीलाच तो ठाऊक नव्हता. पण तेही विचारायची सोय नव्हती.

छाटणीनंतर पाचव्या दिवशी फांदीवर पांढरी कीड दिसली. केशवरावांनी आपलं दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आले.

“नागोरावच्या पऱ्हाटीवरचं औषध हाय. एक हात मारला का कीड साफ.”

कपाशीचं विष देवाच्या फुलावर! प्रयागबाई फांदीपुढे बसल्या आणि कळीवर पदर धरला.

“काऊन बसून राह्यली तिथं? सरक ना.”

त्या सरकल्या नाहीत.

“काई त्रास होऊन राह्यला का तुले? सांग तर खरं.”

त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की केशवराव दोन पावलं मागे गेले, ते औषध कुंपणाबाहेरच्या एरंडीवर मारलं आणि दुकानात निघून गेले. प्रयागबाईंनी वातींचा कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक कीड पुसून काढली. मग भांडी घासायला बसल्या. त्या दिवशी भांडी फार लवकर आणि फार आवाजात घासून झाली.

कळी वाटाण्याएवढी झाली, मग सुपारीएवढी. अकराव्या सकाळी फूल उमललं, लालभडक. प्रयागबाईंनी ते वाहिलं, लेकीचं नाव घेतलं, गणपतीशी दोन शब्द बोलून घसा तपासला. घसा चांगला होता. मग पदर खोचून त्या ओसरीवर आल्या. कोयता, मोबाइल, पऱ्हाटीचं औषध, सगळं मनात क्रमानं लावून ठेवलेलं होतं.

“अवो, ऐकलं का,” त्यांनी सुरुवात केली.

केशवरावांनी दोन्ही हात जोडले. “आता तरी बस कर. दहा दिवसांपासून बोलूनच राह्यली तू. गंज आपट, पातेलं आपट, झाकण आपट, एक मिनिट चूप नाई. डोकं उठलं माझं.”

प्रयागबाईंनी खोचलेला पदर आणखी घट्ट खोचला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून वच्छलाबाईंचा आवाज आला. “बोलू द्या भाऊ त्यायले. मले इकडून सगळं ऐकू येत होतं. त्यायचं एक अक्षर चुकीचं नवतं.”