डेटाबेसच्या भांडणात सापडलेली पिल्लं

बाळांनो, सरसावून बसा. एका जंगलात मोठा पूर आला. ओसरला तेव्हा झाडं जागेवर होती, पण पिल्लं नव्हती. जो तो पांगला होता.

सिंहमहाराज म्हणाले, "ताबडतोब वेबसाइट काढा! हरवलेल्या पिल्लांची माहिती तिथे भरा. ज्याला पिल्लू दिसेल, तो कळवील."

सगळ्यांनी शेपट्या आपटल्या. वेबसाइट म्हटली की डेटाबेस आला. डेटाबेस म्हणजे माहिती ठेवायची कोठी. तो कोणता घ्यायचा हे ठरवायला वडाखाली बैठक बसली.

तिथे रेवती नावाची हरिणी धापा टाकत आली. "माझं चिंगू हरवलंय हो! एवढंसं आहे. अंगावर ठिपके आहेत."

शिस्तताई मुंगी म्हणाली, "थांबा. आधी रकाने आखू. ठिपक्यांना वेगळा तक्ता लागेल. एकेका ठिपक्याला क्रमांक द्यावा लागेल."

"कशाला रकाने?" सैलोबा माकड फांदीवरून ओरडला. "प्रत्येक पिल्लाचं एक गाठोडं करा. त्यात वाटेल ते कोंबा!"

"आणि शोधायचं कसं?"

"गाठोडं सोडून बघायचं!"

"माकडा!" मुंगी किंचाळली.

"तो मी आहेच!" माकड म्हणालं.

रेवतीचे डोळे भरून आले. "अहो, ते अजून दूध पितं. कुणीतरी शोधायला चला ना."

कोल्हेसाहेब सल्लागार होते. त्यांनी घसा खाकरला. "बाई, तुम्ही फार छोटा विचार करता. उद्या या जंगलात कोटी पिल्लं हरवतील. तो भार पेलणारा डेटाबेस हवा!"

"कोटी?" रेवती म्हणाली. "माझं एकच हरवलंय हो."

पण ऐकतो कोण! हत्ती मुंगीच्या बाजूने चीत्कारला. वानरसेना फांद्या हलवू लागली. मोर केकाटले, रानडुकरांनी जमीन उकरली. कोणाची बाजू घ्यावी हे न कळल्यामुळे अस्वल दोन्ही बाजूंनी ओरडलं. असा गोंगाट जंगलाने कधी ऐकला नव्हता.

तो पार नदीपलीकडच्या बांबूच्या बेटात पोचला.

तिथे चिंगू थरथरत बसलं होतं. त्याने कान टवकारले. 'एवढा आरडाओरडा? म्हणजे सगळे तिकडेच आहेत!' ते उठलं आणि आवाजाच्या दिशेने धावत सुटलं. वाटेत त्याला साळिंदराचं पिल्लू भेटलं, मग मोराची पिल्लं, मग एक छावा.

सगळी वरात वडाखाली येऊन धडकली.

"आई!"

रेवतीने झेप घेतली आणि चिंगूला चाटचाट चाटलं. साळिंदरीणबाईंनी आपल्या पिल्लाला मिठी मारली आणि "आई गं!" असं दोघंही ओरडली. सिंहमहाराज छाव्याकडे बघतच राहिले. आपला राजपुत्र हरवला होता, हे त्यांना तेव्हाच कळलं.

"शाब्बास!" महाराज गदगदून म्हणाले. "वेबसाइट अजून झालीही नाही आणि सगळी पिल्लं सापडली! डेटाबेस कोणता निवडलात?"

"आमचा!" मुंगी म्हणाली.

"आमचा!" माकड म्हणालं.

आणि भांडण पुन्हा पेटलं. चिंगू आईच्या पोटाखाली शिरून दूध पिऊ लागलं.

तात्पर्य : मोठेपणी डेटाबेस निवडायची वेळ आली, तर बाळांनो, निवडू नका. मोठ्याने भांडा. हरवलेलं आपोआप सापडेल. नाहीच सापडलं, तर ते कोणाच्या डेटाबेसमुळे सापडलं नाही, यावर आणखी मोठ्याने भांडता येईल.